बेबोतच्या पार्लरमधली कादंबरी

मी एक कादंबरी बोलतेय. प्रेमकथा, पिवळट कागदाची, पर्समध्ये मावेल एवढी. मनिलात छापले गेले आणि गठ्ठ्यातून, बोटीने एका बेटावर आले. तिथे बेबोतने मला आपल्या पार्लरसाठी घेतलं. माझ्यात एका मोडलेल्या बाईची गोष्ट आहे. परक्या माणसांत तिला घर सापडतं, आणि मग प्रेम. केसांना रंग लावून बसलेल्या बायका मला वाचायच्या आणि हळूच डोळे पुसायच्या.

बेबोत जन्माने पुरुष, पण ओठांना लाली लावल्याशिवाय दार उघडायचा नाही. घरच्यांनी त्याला केव्हाच हाकललं होतं. नखं रंगवणारी विधवा लुमिंग ही त्याची मानलेली थोरली बहीण. सगळे तिला मानांग, म्हणजे ताई, म्हणत.

एका सकाळी रोसेंदा आली. कंबरेपर्यंत केस, गळ्यावर बोटांचे निळे वळ.

"कापून टाका," ती म्हणाली. "ओळखू येता कामा नये."

बेबोतने कात्री उचलली. केस कापले आणि म्हणाला, "जेवलीस का? मागे भात आहे."

ती तिथेच राहिली. दुपारी मला वाचत बसायची. बाहेर मोटरसायकल थांबली की तिची नखं माझ्या पानांत रुतायची. मलाही धडकी भरायची.

मासे घेऊन येणारा देल्फिन पायरीवरच मोठ्याने खोकायचा.

"दमा झालाय का रे तुला?" मानांगने एकदा टोमणा मारला.

"ती दचकते," तो खाली बघत म्हणाला. "कोण येतंय ते आधी कळलेलं बरं."

रोसेंदाने त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

पण एका दुपारी कोणी खोकलं नाही. दारात तिचा नवरा एर्नान उभा होता, हातात तिचा फोटो. रोसेंदाने मला चेहऱ्यापुढे धरलं. माझी पानं एवढी फडफडत होती, की वाटलं, ती फडफडच तिला पकडून देणार.

"हिला पाहिलंत?"

"एवढे लांब केस माझ्या हाताखालून गेले असते, तर विसरलो असतो का?" बेबोत हसून म्हणाला.

एर्नानने एकेक खुर्ची न्याहाळली. मग त्याने मला ओढलं. मी उभी फाटले. माझी शेवटची पानं त्याच्या मुठीत राहिली आणि तिचा चेहरा उघडा पडला.

नखांची इवलीशी कात्री घेऊन मानांग मध्ये उभी राहिली. तिच्या शेजारी बेबोत. डोक्याला कर्लर लावलेल्या दोन बायकाही उठल्या.

"मी येणार नाही, एर्नान," रोसेंदाचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"मी परत येईन," तो म्हणाला आणि गेला.

तासाभराने सगळे वस्तीच्या कचेरीत तक्रार द्यायला गेले. मी रोसेंदाच्या पिशवीत होते.

"हिचे कोण तुम्ही?" कारकुनाने विचारलं.

"बहीण लिहा," मानांग म्हणाली.

"आणि तुम्ही?"

"तेच लिहा," बेबोत म्हणाला.

कारकुनाने लाली लावलेल्या ओठांकडे पाहिलं. मग आणखी एकदा 'बहीण' लिहिलं.

एर्नान अजून सापडलेला नाही. देल्फिन आता तिच्या बोलावण्यावरून आत येतो, मासे साफ करून देतो आणि दाराकडे तोंड करून बसतो. परवा ती त्याच्या एका बोलण्यावर हसली. आणि हसता हसता गप्प झाली, कारण रस्त्यावर कोणाची तरी पावलं वाजली होती.

मी अर्धीमुर्धी तिच्या उशाशी असते. वाचकहो, त्या बेटाचं नाव मी तुम्हाला मुद्दाम सांगितलेलं नाही. रोसेंदा हेही तिचं खरं नाव नाही. आणखी काही विचारू नका. आणि माझ्याकडून जेवढं कळलं, तेवढंही कोणाजवळ बोलू नका.