अडीच बोटं अक्रोड

आश्विनातली सकाळ आजऱ्याच्या खोऱ्यात पांढरी होऊन येते. हिरण्यकेशीच्या डोहांवरून धुकं उठतं, बांधाबांधावरून सरकतं, निसवलेल्या घनसाळ भाताच्या दुग्धगंधी, दवभारल्या लोंब्यांवर टेकतं आणि तिथंच रेंगाळतं. मग टेकडीआडून ऊन येतं, हळू, आळसावलेलं, केशरी. आजऱ्यात उन्हालाही घाई नसते.

त्या धूसर उजेडात चंपावतीबाई शिंत्रे देवघरापुढे उभ्या होत्या आणि बाळकृष्णाची माफी मागत होत्या. रांगता, नवनीतहस्त, इवलासा पितळी देव त्यांनी उचलून ताम्हनात ठेवला आणि त्याच्या खालचा लाकडी पाट काढून घेतला. "चार दिवस सोस बाबा," त्या म्हणाल्या. देवानं सोसायचं ठरवलं असावं, कारण तो हसतच होता.

तो पाट मुळात पाट नव्हताच. अडीच बोटं जाडीचा अक्रोडाचा तो तुकडा होता, एका जुन्या विलायती रायफलच्या दस्त्याचा, खांद्याला टेकणारा शेवटचा भाग. हळदीकुंकवानं माखलेला, तुपानं मुरलेला, चाळीसेक वर्षं देवाखाली बसून सोवळा झालेला. त्याची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, आणि कुणी काढत नव्हतं.

रायफल चंपावतीबाईंच्या सासऱ्यांची. सुभेदारसाहेबांनी ती मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतली होती. श्यामल, शीतल नळी आणि तिच्याखाली तांबूस, तलम, रेषारेषांनी वाहणारा अक्रोड. त्या अक्रोडाला ते पोटच्या पोराहून जपत, असं पोटचा पोरच सांगे. पोरगा म्हणजे दौलतराव. उंच, ताठ, दारातून येताना चौकटीला नमस्कार घालावा लागे असा गडी.

आणि नवरी आली ती त्यांच्या छातीला लागणारी. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत तिनं रायफल मागितली. उचलली, खांद्याशी नेली, तर दस्ता काखेत अडकला. पुन्हा नेली, पुन्हा अडकला. सोप्यावर बसलेली सगळी मंडळी हसली. दौलतराव हसले नाहीत. त्यांनी तिच्या कोपराच्या खळीपासून चाप ओढायच्या बोटापर्यंत विती-बोटांनी माप घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी कानसाकरवतीची पेटी काढून दस्ता कापायला बसले.

सुभेदारसाहेब त्यानंतर कितीतरी दिवस लेकाशी बोलले नाहीत. सुनेशी मात्र एक वाक्य बोलले. "तुझ्यापायी माझ्या रायफलीचा गळा कापला त्यानं." बोलून ते शेताकडे निघून गेले आणि विसरलेही असतील. चंपावतीबाई विसरल्या नाहीत. तुकडा त्यांनी उचलला, धुतला, आणि ज्याच्यापुढे रोज हात जोडायचे त्याच्याखाली ठेवला.

बांधाच्या मातीत रोवलेल्या फळीवर नेम धरायला त्या शिकल्या, दोन थंड्या. मग घर, पोरं, म्हशी, पाहुणे. रायफल दौलतरावांकडेच राहिली, पण मापाची राहिली ती बायकोच्या. ते ती खांद्याला लावत तेव्हा उंच देह आखडून घेत, मान खाली घालत, पुढे झुकवत, पुढे झुकवत. ती झुकलेली मान चंपावतीबाई दाराआडून पाहत. एवढा ताठ माणूस, आणि माझ्यापायी वाकला, असं त्यांना वाटे. दरवर्षी वाटे, आणि दरवर्षी त्या ते गिळून टाकत.

यंदा गिळवेना. दौलतरावांचे गुडघे गेले होते, हाताला कंप आला होता. पुढच्या दसऱ्याला रायफल त्यांना पेलेल की नाही कोण जाणे. एकदा, फक्त एकदा, त्यांनी ती मूळच्या डौलात धरावी, ताठ मानेनं, तरुणपणी धरली असती तशी. खंडेनवमीच्या शस्त्रपूजेला ती अखंड, अव्यंग पाटावर यावी. एवढंच चंपावतीबाईंना हवं होतं, आणि एवढं दुसरं काहीच कधी हवंसं वाटलं नव्हतं.

रायफल दर दसऱ्याआधी तेलपाण्याला गडहिंग्लजला हुसेनभाई शिकलगारांकडे जाई. यंदा ती घेऊन चंपावतीबाई गेल्या. पदराखालून त्यांनी तुकडा काढला तसे हुसेनभाई चष्मा पुसायला लागले.

"या ऽ अल्ला. हे जपून ठिवलंय तुमी?"

त्यांनी तुकडा दस्त्याला लावून पाहिला. इकडची रेष तिकडच्या रेषेला मिळाली, इतकी वर्षं थांबलेला झरा पुढे वाहावा तशी मिळाली. दुसरा कुठलाही अक्रोड आणला असता तरी हे साधलं नसतं, हे दोघांनाही दिसलं.

"ही अशी पुरती असली तर हौशी लोक मुंबईवरनं बघाय येतील," हुसेनभाई म्हणाले. "पर वैनीसाहेब, जोडली की तुमच्या खांद्याला बसायची न्हाई पुन्हा."

"माझा खांदा झाला आता," चंपावतीबाई म्हणाल्या.

मग ते कामाला लागले. तुकड्यावरचं तूप सोड्याच्या पाण्यानं उतरवलं. कुंकू मात्र उतरेना. ते लाकडाच्या शिरांत शिरलं होतं. जवसाचं तेल तळहातावर घेऊन ते दस्ता चोळत राहिले, चोळत राहिले, तळहात तापेपर्यंत, लाकूड तापेपर्यंत, मधाळ तपकिरी झळाळी वर येईपर्यंत. दस्त्याच्या डाव्या अंगाला एक डाग होता. गुळगुळीत, काळसर, जरासा खोलगट.

"ह्यो घासून काढू? एकसारखं दिसंल."

"नको. त्यांचा गाल आहे तो. राहू दे."

खंडेनवमी तोंडावर आली होती, सरस लावून सांधा वाळायला वेळ नव्हता. हुसेनभाईंनी टोकाच्या पितळी टाचेसकट तुकडा दोन लांब स्क्रूंवर बसवला, आणि सरसाचं काम पूजा झाल्यावर करू म्हणून सांगितलं. सांध्यावर कुंकवाची एक केसभर रेघ तेवढी दिसत होती.

खंडेनवमीची सकाळ तीच, पांढरी, घनसाळगंधी. पाटावर कोयते, विळे, सुभेदारसाहेबांची तलवार, झेंडूच्या माळा, आणि मध्ये रायफल. दौलतराव काठी टेकत आले, पाहत राहिले. अंगठा दस्त्यावरून फिरत फिरत त्या लाल रेघेशी थांबला. त्यांनी देवघरात पाहिलं. बाळकृष्ण ताम्हनात रांगत होता.

"ह्ये तू केलंस?"

चंपावतीबाईंनी मान हलवली आणि रायफल उचला, धरा, एवढं हातानंच सांगितलं.

दौलतरावांनी रिकामी रायफल उचलली, खांद्याशी नेली. दस्ता काखेत अडकला.

त्यांनी पुन्हा नेली. पुन्हा अडकला. सागासारखा तो देह कधीच आटला होता. खांदे पुढे आले होते, छाती आत गेली होती. जोर लावून त्यांनी ती कशीबशी बसवली, मान ताठ केली, तर डोळा नेमापर्यंत पोचेना. रायफल पुन्हा तरुण झाली होती, आणि माणूस काही तिच्यासाठी थांबला नव्हता.

चंपावतीबाईंचे डोळे भरून आले. "मला वाटलं, एकदा तरी ताठ मानेनं धराल. माझ्यापायी सारा जन्म वाकलात."

दौलतराव हसले. चाळीस वर्षांपूर्वी सोप्यावर सगळे हसले होते तेव्हा राखून ठेवलेलं हसू असावं ते.

"वाकलो खरा. पर तुझ्यापायी कुठं?" त्यांनी तो काळसर डाग दाखवला. "ह्ये बघ. हितं तुझा गाल असायचा. त्या दोन थंड्या तू हितंच टेकायचीस, घाम यायचा तुला. मग मी बी हितंच टेकत गेलो. उंच मान केली की गाल पार मागं जातो, न्हाई सापडत ही जागा. न्हाईतर ह्यो तुकडा मला कवाच बसवता आला नसता व्हय? रोज पूजेला डोळ्यापुढंच हुता की."

चंपावतीबाईंनी त्या डागावर बोट ठेवून पाहिलं. भाताचा वास आत येत राहिला.

मग दोघं पायरीवर बसली. त्यांचा हात कापत होता, म्हणून पेचकस चंपावतीबाईंनी फिरवला. एक स्क्रू, दुसरा स्क्रू. टाच सुटली, तुकडा हाताशी आला, तेलानं तजेलदार, जवसाच्या वासाचा. बाळकृष्ण पुन्हा त्याच्यावर बसला. इतक्या खटाटोपानंतर आपल्याच जागी परत आल्याचं त्याला काहीच वाटलं नाही, तो हसतच राहिला.

दौलतरावांनी आखूड रायफल उचलली. खांदा तिला ओळखत होता. मान आपोआप झुकली, पुढे झुकली, आणि सुरकुतलेला, उन्हात उजळलेला गाल त्या जुन्या, काळ्या, मऊ खळगीत विसावला. त्यांनी डोळे मिटले. नेम कशावरच नव्हता.

थोड्या वेळानं त्यांनी रायफल बायकोच्या हातात दिली.

तिनं ती उचलली, किती वर्षांनी उचलली. दस्ता खांद्याला बसला, कुठेही न अडकता बसला. बाहेर धुकं विरत होतं, बांध उजळत होता, घनसाळ हलके हलके डुलत होतं. तिनं मान झुकवली, आणि तिच्या गालाखाली अक्रोड अजून उबदार होता.