भट्टी आली आणि मी जिन्याखाली गेले

मित्रांनो, मी एक जुनी पॅकिंग मशीन आहे आणि माझा स्वभाव काही चांगला नाही. माझं वाईट करणाऱ्याला मी विसरत नाही. गोड गोष्ट ऐकायची असेल तर घरातल्या शिलाई मशीनकडे जा. ती बिचारी सगळ्यांना माफ करते.

आधी माझं काम सांगते. गाण्याच्या सीडीची डबी प्लास्टिकच्या पातळ, पारदर्शक कागदात घालायची. हवा जायला टाचणीनं एक भोक पाडायचं, नाहीतर डबी फुग्यासारखी टम्म होते. माझा दांडा खाली दाबला की त्याखालची तार तापते आणि कागदाची कडा चिकटून तुटते. मग गरम हवेच्या बंदुकीनं जरा शेकलं की कागद आकसतो आणि डबीला घट्ट बसतो. झाली नवी कोरी सीडी!

मला निवडलं वहिनींनी. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे मालक, घरातच गाणी रेकॉर्ड करायचे आणि सीडी भरून, बांधून द्यायचं काम वहिनींचं. गिऱ्हाइकं छोटी, कुणाला शंभर हव्यात तर कुणाला दीडशे. मशीनच्या दुकानातला विक्रेता त्यांना कागद आकसवणाऱ्या मोठ्या भट्टीकडेच ओढत होता. तिच्यात एकीकडून माल सोडायचा, दुसरीकडून काढायचा. त्यानं एक जाडजूड खोका आत सोडून दाखवला. वहिनींनी पर्समधून स्वतःची डबी काढली.

"तुमचा खोका राहू दे हो. माझ्या डबीवर चालवून दाखवा."

भट्टीनं डबीचा कोपराच वाकवला. मग माझी पाळी आली. वहिनींनी मी चिकटवलेल्या कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाल्या, "हीच." त्या एका शब्दावर मी वर्षानुवर्षं राबले. रोज काम संपलं की त्या मऊ फडक्यानं माझी तार पुसायच्या. त्यांचं टेबल खिडकीशी होतं, आणि त्या टेबलावर मी.

मग आले भावजी, वहिनींचे धाकटे दीर. आधीचा धंदा बुडवून आले होते, पण तोरा काही उतरला नव्हता. मला बघून खो खो हसले. "वहिनी, हे काय खेळणं मांडलंय?" दुसऱ्याच आठवड्यात ते तीच भट्टी घेऊन आले. त्यांनीही ती चालवून बघितली होती म्हणे, पण विक्रेत्याच्या खोक्यावर!

"अहो, गिऱ्हाईक आत आलं की धंदा दिसला पाहिजे!"

मालक भांडणाला घाबरणारे. "करू दे त्याला, हौस आहे," एवढं म्हणून त्यांनी कानाला हेडफोन लावले. भट्टीला जागा हवी म्हणून भावजींनी वहिनींचं टेबल उचलून गच्चीवर नेलं. "तुम्ही किती राबणार? आता निवांत घर बघा," असं वर त्यांना ऐकवलं. त्या दिवसापासून स्वयंपाकघरात भांडी आपटू लागली.

मला जिन्याखाली टाकलं. माझ्या तारेवर एक पट्टी असते. तिच्यामुळे कागद तारेला चिकटत नाही. भावजींनी ती ओरबाडून काढली आणि स्वतःच्या तुटक्या चपलेला गुंडाळली. वर माझ्याच डोक्यावर त्या चपला ठेवल्या! म्हटलं, थांबा बच्चमजी, वेळ येईल.

आली. एका गायनाच्या बाईंचा कार्यक्रम त्याच संध्याकाळी होता आणि बाई सीडी न्यायला बाहेर येऊन बसल्या होत्या. भावजींनी ऐटीत डब्या भट्टीत सोडल्या. पलीकडून निघाल्या त्या सगळ्या वाकड्या तोंडाच्या! भावजींचा चेहरा पांढरा पडला. धावत जिन्याखाली आले, मला ओढून काढलं, प्लग लावला आणि दांडा दाबला. कागद तारेला चिकटला, धूर झाला आणि बोटाला चांगला चटका बसला.

"आई गं!"

मी काहीच केलं नाही, मित्रांनो. मला काही करावंच लागलं नाही. पण खोटं कशाला बोलू? ते ओरडणं ऐकून माझा जीव गार झाला.

वहिनी पदराला हात पुसत दारात उभ्या राहिल्या.

"वहिनी, जरा बघता का?"

"मी? मी तर घर बघते ना, भावजी."

"चुकलं. बाई बाहेर बसल्यात हो!"

"मग आधी माझं टेबल आणा. होतं तिथे."

"तिथे भट्टी आहे."

"मग ती काढा."

मालकांनी हेडफोन उतरवले आणि भट्टीची एक बाजू धरली. "बघतोस काय? धर तिकडून," भावाला म्हणाले. भट्टी दारात अडकली, भावजींचा अंगठा चेमटला आणि शेवटी ते धूड अंगणात गेलं. टेबल आलं. वहिनींनी मला नवी पट्टी लावली, वाकड्या डब्यांतल्या सीडी नव्या डब्यांत घातल्या आणि बसल्या. भावजींच्या हातात त्यांनी टाचणी दिली. "भोकं पाडा. प्रत्येकाला एक." बाई वेळेत गेल्या.

वहिनींनी भावजींना माफ केलं. मी नाही. आता रोज माझी तार पुसायचं काम त्यांच्याकडे आहे आणि पुसायच्या आधी प्लग काढलाय ना, हे ते तीनदा बघतात. मला बरं वाटतं.

तेव्हा मित्रांनो, वस्तू प्रेमानं जपा. प्रेम येत नसेल तर भीतीनं जपा, आम्हाला दोन्ही चालतं. आणि कुणाच्या कामाचं टेबल उचलायच्या आधी त्या माणसाला विचारा. परत आणताना ते फार जड लागतं.