ई बटणातलं तेल
संयोगिताची टायपिंगची चाचणी बारा वाजता होती आणि साडेदहाला तिच्या लॅपटॉपवरचं ई उमटायचं बंद झालं. काम घरबसल्या करायचं होतं. चाचणी पास झाली तर सोमवारपासून रुजू. बाहेरचा कीबोर्ड जोडायला परवानगी नव्हती.

मानसिंगांनी मुलीला स्कूटरवर घेतलं आणि आष्ट्यात जैनुद्दीनच्या दुरुस्तीच्या दुकानात आणलं. ई जरा जड लागतंय, असं ती काल म्हणाली होती. आज सकाळी ती अंघोळीला गेली तेव्हा त्यांनी त्या बटणाच्या फटीत शिलाई मशिनचं तेल सोडलं होतं. फौजेत बावीस वर्षं रायफलीचा बोल्ट अडला की तेल, निवृत्तीनंतर दाराची कडी अडली की तेल. आजवर त्यांचं तेल कधी फसलं नव्हतं.

जैनुद्दीनने स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडला आणि माउसने ई दाबलं. उमटलं.

"मशीन ठणठणीत हाय. बटणच गेलंय. ताई, चहाबिहा सांडला काय?"

"न्हाई. मी जवळ पाणीसुद्धा ठेवत न्हाई."

"मग आतनं जळलं असंल. अख्खा कीबोर्ड बदलायचा. सांगलीवरनं उद्या दुपारी येईल."

अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. संयोगिता ते बंद पडलेलं ई पुन्हापुन्हा दाबत राहिली. ते मानसिंगांना बघवेना.

"जैनुद्दीन, तेल हाय त्यात," ते म्हणाले. "शिलाई मशिनचं. मीच घातलं. चार थेंब."

"आबा!"

"सहा असतील."

जैनुद्दीन पोट धरून हसला. "आवं सुभेदार, आदी बोलायचं न्हाई व्हय? मी उगंच सांगलीला फोन लावणार हुतो."

त्याने प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने ई अलगद उचकटलं. खाली रबराची इवलीशी वाटी तेलात फुगून कलंडली होती. त्याने कापसाला स्पिरिट लावून जागा तीनदा पुसली. मग कोपऱ्यातल्या एका बटणावर बोट ठेवलं.

"हे कवा दाबता?"

"कवाच न्हाई."

"मग ह्याचं रबर त्याला."

अकरा बेचाळीसला ई उमटलं. संयोगिताने ते सलग वीस वेळा दाबून पाहिलं. वीस ई मोजून झाले. घरी पोचायला अर्धा तास लागला असता. जैनुद्दीनने आतलं टेबल मोकळं केलं, आपल्या फोनचं इंटरनेट तिला जोडून दिलं आणि दार ओढून घेतलं.

मानसिंग बाहेर उभे राहिले. बारा वाजून गेल्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर कर्ण्यावर गाणं लावून आला. मानसिंग रस्त्यात उतरले आणि हात वर केला.

"काय झालं आबा?" ड्रायव्हर सिद्धूने ब्रेक मारला. "अपघात?"

"परीक्षा हाय रं आत. गाणं बंद कर."

"इंजिनबी बंद करू काय?"

"नको गड्या, मग ढकलायला मीच लागंन. हळू जा."

त्याच्यामागून आणखी चार ट्रॅक्टर आले. प्रत्येकाला मानसिंगांनी थांबवलं, गाणं बंद करायला लावलं आणि मगच सोडलं. पाचव्याने तर काही न विचारता कर्णा आधीच बंद केला होता. त्यालाही त्यांनी खात्री करून घेईपर्यंत पुढे जाऊ दिलं नाही.

बारा चाळीसला दार उघडलं.

"झाले पास," संयोगिता म्हणाली. "सोमवारपासून. आबा, आता तरी बाजूला व्हा, मागं एसटी खोळंबलीया."