बिनजाळाची भट्टी आणि डोमाजींचा पाय

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. पण माझ्या पोटात जाळ नाही, धूर नाही, निखारा नाही. आला ना संशय? येणारच! तो मला जन्मापासून चिकटलेला आहे.

मला मायक्रोवेव्ह म्हणतात. मला घडवलं भाज्या गरम करायला. पण नव्वदीच्या सुरुवातीला मंचेरियलच्या चिंतामणी मास्तरांनी मला हैदराबादहून आणलं आणि माझ्यात भाताचं शीतही कधी ठेवलं नाही. तंत्रशाळेत शिकवणारे हे मास्तर काचेच्या धाग्यांच्या कापडाला चिकट राळ लावत, साच्यावर थरावर थर बसवत आणि तो साचा माझ्या पोटात ठेवत. माझ्या लहरी थेट आत शिरतात, राळ आतून-बाहेरून तापते आणि टणक होते. शेजारीपाजारी मात्र मास्तर काय करणी करतात म्हणून खिडकीतून डोकावत. मीही कमी नव्हते. दार उघडणाऱ्याचे हात आधी निरखायची.

एकदा भैंसाकडचे डोमाजी कुबडीवर आले. कापसाची सरकी काढायच्या जिनिंगच्या मशीनमध्ये त्यांचा एक पाय गुडघ्याखाली गेला होता. लाकडी पाऊल होतं, पण ते पायाला बसवायची खोळ जड होती, कातडी सोलायची. मास्तर हलकी खोळ करून देणार होते. पेरणीला स्वतःच्या शेतात उभं राहायचं, एवढीच डोमाजींची आस होती.

"एका मशीननं पाय खाल्ला, अन् दुसरी देनार? मले नाही पटत," ते म्हणाले आणि चोर पकडल्यासारखे माझ्याकडे बघत बसले. त्यांच्या बायकोनं, देवकाबाईंनी, माझ्यासमोरच त्यांच्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या.

खोळ आत गेली, मी सुरू झाले आणि तडतड ठिणग्या उडाल्या! जळका वास सुटला. खोळीला काळं भोक पडलं. डोमाजींचा चेहरा पार उतरला. मास्तरांनीही माझ्याकडे शंकेनं पाहिलं आणि माझ्यावर पोतं टाकलं. फार लागलं मनाला. आळ आला, पण बोलायला मला तोंड कुठं?

मग मास्तरांनी ती खोळ कापून पाहिली. थरांमधून तांब्याचा ताईत निघाला, काळाठिक्कर. धातू आत राहिला की माझ्या पोटात ठिणग्या उडणारच.

देवकाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "थर लावतानी मीच ठेवला. या पायाले तरी नजर लागू नोको म्हून."

डोमाजी रागावले नाहीत. त्यांनी ताईत पुसला, गळ्यात बांधला आणि मास्तरांना म्हणाले, "लावा पुन्ना."

दुसरी खोळ नीट निघाली. ती पायाला बसवल्यावर डोमाजी कुबडी भिंतीला टेकवून दारापर्यंत चालत गेले. उंबऱ्यावर थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं. मी मागं तर येत नाही ना, याची खात्री केली असावी. मग हसले आणि बाहेर पडले.

आज मी अडगळीत आहे, त्याच पोत्याखाली. मित्रांनो, संशय जरूर घ्या, त्यानं माणूस सावध राहतो. पण कुणावर पोतं टाकण्याआधी एकदा दार उघडून आत बघा.