पुतळीची सीट

तेबाननं पुतळीचंही भाडं घेतलं, तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं.

"अरे, शिवणकामाची पुतळी आहे. तिला पाय तरी आहेत का?"

"नसू देत. सीट अडवली की पॅसेंजर," तेबान म्हणाला. आमच्या सांता मेसात ट्रॉलीवाल्यांशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं नाही.

ट्रॉली म्हणजे काय, बांबूचं बाक आणि खाली चार चाकं. आगगाडी नसेल तेव्हा रुळांवर ठेवायची, मागून पायानं रेटायची. माझ्या शेजारी बसलेल्या पुतळीच्या अंगात लुनिंगचा लग्नाचा झगा होता. घडी घातली असती तर चुरगळला असता. नऊला पांदाकानच्या चर्चमध्ये लग्न. लुनिंगला बाप्तिस्म्याच्या वेळी मीच हातावर धरलं होतं, आणि आई गेल्यावर वाढवलंही मीच. तिच्या डोळ्यांत आज पाणी आलेलं मला चालणार नव्हतं.

रुळांमध्ये चुली मांडलेल्या बायका पातेली उचलून वाट देत होत्या आणि झग्याला नावं ठेवत होत्या. बाह्या म्हणे फार फुगल्यात. फुगू देत.

नाल्यावरच्या पुलावर समोरून दुसरी ट्रॉली आली. रेटणारा तेबानचा मेव्हणा, पोल्दो. बाकावर एकटाच आर्नेल. म्हणजे नवरामुलगा. मांडीवर बोचकं, आणि तोंड बस-स्टँडच्या दिशेला. उतावळे नवरे मी पुष्कळ पाहिलेत. हा उलट्या दिशेला उतावळा होता.

"कुठे रे?"

"निनांग, ते... बूट आणायला." लुनिंगचं ऐकून तोही मला निनांग, म्हणजे धर्माची आई, म्हणायचा.

"पायात आहेत ते कुणाचे?"

त्यानं पाय बाकाखाली ओढून घेतले.

समोरासमोर आलं की कमी माणसांची ट्रॉली रुळावरून उतरते, हा इथला कायदा. पुलावर उतरवायला जागा नाही, म्हणून तिनं मागे जायचं.

"एकास एक," पोल्दो म्हणाला.

"एकास दोन," मी म्हणाले. "पुतळीचं भाडं भरलंय. विचार तुझ्या मेव्हण्याला."

तेबाननं मान खाजवली. नाही म्हणावं तर पैसे परत द्यावे लागणार. "भरलंय," तो म्हणाला.

पोल्दो पुढे येऊन उलटा रेटू लागला. अख्खा पूलभर आर्नेल माझ्यासमोर, आणि त्याच्यासमोर तो पांढरा झगा.

"मला भीती वाटते, निनांग. मी तिला सुखात ठेवू शकेन का?"

"हे तिला विचार. पळायचं असेल तर खुशाल पळ, पण तिला तोंडावर सांगून. झगा पोचवायचं काम माझं आहे, तुझा निरोप नाही."

पूल संपला. पोल्दोनं ट्रॉली उचलून बाजूला धरली. आम्ही पुढे गेलो की आर्नेलला रस्ता मोकळा होता. तो बोचकं घेऊन थोडा वेळ उभा राहिला. मग आमच्या बाकावर पुतळीच्या पलीकडे येऊन बसला आणि जमिनीला टेकणारा घेर अलगद उचलून धरला.

"तिसऱ्याचं भाडं," तेबान म्हणाला. आर्नेलनं बसचे पैसे काढून दिले.

चर्चच्या मागच्या खोलीत हुकं लावताना लुनिंगनं विचारलं, "उशीर का झाला?"

"पुलावर समोरून ट्रॉली आली."

"मग मागे कोण गेलं?"

"जो एकटा होता तो," मी म्हणाले. "बाहेर उभा आहे. आधी तुझ्याशी बोलायचंय म्हणतो."