कलम नऊ आणि रत्ना काकूंचं गाणं

रत्ना काकू गायल्या. गाणं पूर्ण झालं. टाळ्या पडल्या.

वरील तीन वाक्यं चुकून लिहिली गेली आहेत. तसं काहीही घडलेलं नाही. खरा इतिहास खालीलप्रमाणे.

मिशिगनमधल्या नोव्हाय गावात आमच्या कॉलनीच्या मागे एक तळं आहे, आणि तळ्यात एक देश आहे. देशाची लांबी अकरा पावलं, रुंदी आठ. बिल्डरने तळं खणताना उरलेली माती मधेच टाकली आणि तो निघून गेला. देशाचा भूगोल एवढाच.

२०१९ साली घरमालकांच्या असोसिएशनने नियम केला की कॉलनीच्या सामायिक जागेत गाणीबजावणी करायची नाही. मनोहर काकांनी एकतीस वर्षं गाड्यांचे बंपर डिझाइन केलेत, त्यामुळे ते धक्का खाऊन गप्प बसणारे नव्हेत. त्यांनी चौऱ्याऐंशी पानांची नियमावली वाचून काढली, शेवटच्या पानावरचा नकाशा पट्टीने मोजला आणि जाहीर केलं, "बेट नकाशात नाही. म्हणजे ते असोसिएशनचं नाही. म्हणजे ते अमेरिकेचंही नाही."

"काका, दॅट्स नॉट हाऊ इट वर्क्स," देव म्हणाला. देव इथेच जन्मलेला, पेशाने वकील.

"तू इकडे जन्मलास. तुला नाही कळायचं."

अशा रीतीने देश स्वतंत्र झाला. झेंडा म्हणून काकांच्या घरातलं चौकड्यांचं फडकं लागलं. काका तहहयात अध्यक्ष, मी सचिव. अमेरिकेत माझा व्हिसा दर तीन वर्षांनी रिन्यू करावा लागतो; बेटावर मी कायमचा आहे. आणि दर वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी तीन वाजता या देशाचा गीत महोत्सव भरू लागला.

महोत्सवात आजवर एकही गाणं झालेलं नाही.

याला दोष कुणाचाच नाही. पहिल्या वर्षी पत्रिकेवर पहिलंच नाव होतं रत्ना काकूंचं. काकूंनी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एका भावगीताला दुसरा नंबर मिळवला होता आणि तेच त्या म्हणणार होत्या. पण आधी प्रास्ताविक झालं, पाहुण्यांचा परिचय झाला, परिचय करून देणाऱ्याचा परिचय झाला. काकू उठल्या, त्यांनी पदर सारखा केला, घसा खाकरला आणि सात वाजले. सात वाजता तळ्यावर डास येतात. काकांनी घाईघाईने आभार मानले आणि सगळे कयाककडे, म्हणजे आमच्या एकुलत्या छोट्या होडीकडे, पळाले.

"असू दे, पुढच्या वर्षी," काकू म्हणाल्या.

२०२० साली महोत्सव झूमवर झाला. त्या वर्षी आपण गायलो, असं काकूंचं म्हणणं आहे. त्या म्यूटवर होत्या. २०२१ ला प्रमुख पाहुणे शॉमबर्गहून पाच तास ड्राइव्ह करून आले आणि त्याच प्रमाणात बोलले. २०२२ ला वाऱ्यात समई पेटेना. बॅटरीचा दिवा काकांना तत्त्वतः मान्य नव्हता. २०२३ ला आभारप्रदर्शन झाल्यावर शंतनूने सर्वांसमक्ष विचारलं की बटाटेवडे घरचे आहेत की फ्रोझन, आणि दोन कुटुंबांचं बोलणं बंद झालं. त्यावर उपाय म्हणून राज्यघटनेत कलम नऊ घातलं: आभारप्रदर्शनानंतर बेटावर जे होईल ते झालेलं नाही. दोन्ही कुटुंबं पुन्हा बोलू लागली. २०२४ ला बुडालेल्या जुन्या कयाकला श्रद्धांजली वाहिली. सहा जणांना गहिवरून आलं आणि सहाही जण सविस्तर बोलले.

दर वर्षी काकू उठत, पदर सारखा करत, सात वाजत. "असू दे, पुढच्या वर्षी."

यंदा पुढचं वर्ष नव्हतं. काकूंनी घर विकलं होतं. मंगळवारच्या विमानाने त्या नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला लेकीकडे, मोनाकडे, कायमच्या जाणार होत्या. मी पुण्याहून नवा आलो तेव्हा पहिला अख्खा हिवाळा या बाईंनी मला दर गुरुवारी आमटीभात खायला घातला आणि बर्फात गाडी घसरली की ब्रेक दाबायचा नाही हे शिकवलं. तर मी मनोहर काकांकडे गेलो आणि म्हटलं, "काका, यंदा फक्त गाणं. तीन वाजून पाच मिनिटांनी. प्रास्ताविक नाही, समई नाही, सत्कार नाही."

"शब्द दिला," काका म्हणाले. "आपल्याच माणसासाठी एवढं करायचं नाही का?"

काकांनी शब्द पाळला. प्रास्ताविक झालं नाही. समई घरीच राहिली. तीन वाजून पाच मिनिटांनी रत्ना काकू उठल्या, त्यांनी पदर सारखा केला, आणि काका म्हणाले, "थांबा. तुम्ही चाललात, आणि तुमचा निरोपसमारंभ नाही? लोक काय म्हणतील?"

"कोणते लोक?" मी विचारलं. देशाची सगळी लोकसंख्या समोरच बसली होती. चौदा.

चौदातले तेरा जण काकूंच्या गाण्याबद्दल बोलले. प्रसादने त्यांच्या सुरेल गळ्याचं वर्णन केलं. दीपाला त्यांच्या ताना विशेष आवडत. कुणीही त्यांना कधी ऐकलेलं नव्हतं. हिमानी, आमची नावाडी, मूळची नागपूरची, मला कानात म्हणाली, "अरे यार, आता यांच्या सत्कारापायीच यांचं गाणं राहते!"

राहिलं. सात वाजले. डास आले. काकांनी आभार मानले.

काकू यंदा "पुढच्या वर्षी" म्हणाल्या नाहीत. नुसत्याच खाली बसल्या आणि पर्सची चेन उघडझाप करू लागल्या.

आम्ही कयाककडे गेलो. कयाकमध्ये एक कॅनडा गूज बसलं होतं. हा पक्षी आकाराने हंसासारखा आणि स्वभावाने सोसायटीच्या चेअरमनसारखा असतो. पंखाखाली त्याची पाच पिल्लं होती. हिमानीने वल्हं उचललं तसं ते फिस्कारलं.

"डोंट टच इट!" देव ओरडला. "दे आर प्रोटेक्टेड. इट्स फेडरल."

फेडरल, म्हणजे थेट केंद्र सरकार, हा शब्द ऐकताच व्हिसावरचे आम्ही पाच जण तीन पावलं मागे सरलो. देश आठच पावलं रुंद असल्यामुळे प्रसादचा एक पाय परदेशात गेला.

"विनंती करून पाहू," मनोहर काका म्हणाले. त्यांना एकच प्रकारची विनंती करता येते. त्यांनी जादा ठेवलेली शाल आणि नारळ काढला.

"काका, पण ते 'तो' आहे की 'ती'?" दीपाने विचारलं. "बाई असेल तर ओटी भरायला हवी."

यावर वीस मिनिटं चर्चा झाली. अखेर शाल लांबूनच वल्ह्याने पांघरली आणि नारळ, खण, तांदूळ काठावर ठेवले. काकांनी पक्ष्याचा परिचय करून दिला, कॅनडाशी असलेल्या मैत्रीचा उल्लेख केला, पिल्लांच्या शिक्षणाला शुभेच्छा दिल्या. गूज उठलं नाही. काकांनी पुन्हा सगळ्यांचे आभार मानले. मग डासांचे मानले. मग उघडं तोंड तसंच ठेवून ते उभे राहिले, आणि आम्हाला कळलं की त्यांचे शब्द संपले आहेत. सात वर्षांत पहिल्यांदाच बेटावर कुणी बोलत नव्हतं.

रत्ना काकू उठल्या. पदर सारखा केला नाही, घसा खाकरला नाही. लगेच सुरू केलं.

आवाज बारीक होता आणि वरच्या स्वराला जरा फाटला. दुसरं कडवं त्या विसरल्या आणि पहिलंच पुन्हा म्हणाल्या. दीपाला आवडणाऱ्या ताना त्यात नव्हत्या. डास चावत होते आणि कुणी हात हलवत नव्हतं, कारण हात हलवला तर टाळी वाजेल आणि गाणं संपलं असं काकूंना वाटेल. शालीतलं गूज मान उंच करून ऐकत होतं. गाणं संपल्यावर ते उठलं, पिल्लं घेऊन पाण्यात उतरलं आणि निघून गेलं. शाल नेली. नारळ ठेवला.

काकांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"दुसरा नंबर दिला होता यांना?" ते म्हणाले. "परीक्षक कोण होता तो?"

"ते जाऊ दे हो," काकू म्हणाल्या. पण गालातल्या गालात हसत होत्या.

मग काका माझ्याकडे वळले. "सचिव, हे आभारानंतर झालं. इतिवृत्तात घेता येणार नाही."

"काका, कलम नऊ रद्द करू या की."

"त्याला महोत्सवात ठराव लागतो. गाणाराही हजर लागतो."

"पुढच्या वर्षी काकू इथे नसतील."

"तेच म्हणतोय मी," काका म्हणाले. "मग देशच तिकडे न्यायला नको का? अर्ज लिही."

तो अर्ज असा:

प्रति, नगर प्रशासन, कॅरी, नॉर्थ कॅरोलायना.

विषय: तळे मिळणेबाबत.

महोदय, आपल्या हद्दीत श्रीमती रत्ना काकू नुकत्याच राहावयास आल्या आहेत. त्यांनी दिनांक २५ मे २०२५ रोजी गायलेले गाणे आमच्या दप्तरी घडलेले नसल्याने ते पुन्हा, व या खेपेस आभारप्रदर्शनापूर्वी, होणे आवश्यक आहे. तरी त्यांच्या कन्येच्या घरामागील कार पार्किंग हटवून तेथे पुढील मे महिन्यापूर्वी एक तळे खणावे, उरलेली माती मध्यभागी टाकावी (लांबी अकरा पावले, रुंदी आठ), सदर माती आपल्या कोणत्याही नकाशात दाखवू नये, सायंकाळी सातनंतर डासांना मज्जाव करावा, आणि एक गूज, शक्यतो तेच, शालीसह उपलब्ध करून द्यावे, ही नम्र विनंती.