व्हॅनच्या पाठीवरची जागा

“ट्रिंग!”

दुपारचं जेवून सगळं घर निजलं होतं, बाळसुद्धा. मी चोरपावलांनी माझी सायकल बोळातून बाहेर काढत होते आणि नेमकी घंटी खुंटीला घासली. क्षणभर काहीच नाही. मग बाळाने, आमच्या योरितने, टाहो फोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी व्हॅनने सुट्टीला फ्रान्सला निघायचं होतं. व्हॅनच्या मागच्या दाराला सायकली टांगायचा सांगाडा आहे. तीन सायकलींना जागा, पण वजन साठ किलोपर्यंतच. त्यावर सासू-सासऱ्यांच्या बॅटरीवाल्या सायकली चढून बसल्या होत्या. बॅटऱ्या काढल्या तरी म्हशीच त्या. उरलेल्या वजनात फार तर दोन कोंबड्या गेल्या असत्या.

मी अंगणात पोचले तर बेप्पे दारात उभ्या. म्हणजे सासूबाई; बेप्पे म्हणजे आजी, आणि माझी लेक फेन्ना बोलायला लागल्यापासून तिची आजी आम्हा सगळ्यांचीच बेप्पे झाली आहे.

“कुठे निघालीस?”

“टांगायला. सायकल, मला नव्हे.”

मागोमाग डोळे चोळत सासरे आले. “छतावर टाकू या की.”

“टाक,” बेप्पे म्हणाल्या. “वाऱ्याने बेल्जियममध्ये उतरेल. पुढचं चालत जाऊ.”

“मग पुढे, व्हॅनच्या नाकावर बांधू.”

“डाउवे, तू जाऊन झोप,” बेप्पेंनी नवऱ्याला फर्मावलं.

माझा नवरा येल्मर रडत्या योरितला खांद्यावर घेऊन आला. “व्हॅनच्या आत ठेवू, गादीवर.”

“आणि आपण कुठे झोपायचं? सांगाड्यावर?” मी म्हटलं.

बेप्पेंनी माझ्या सायकलीकडे नीट पाहिलं. “अगं, हिला बाळाची खुर्चीच नाही. योरितला बसवणार कुठे?”

“त्याला न्यायचंच नाही. कुणालाच न्यायचं नाही. रोज सकाळी एक तास मी एकटी जाणार. तो जन्मल्यापासून मी न्हाणीघरातसुद्धा एकटी गेलेले नाही.”

योरित, मेला, नेमका तेव्हाच रडायचा थांबला.

आता तोंड उघडलंच होतं, तर म्हटलं, “बेप्पे, राग मानू नका. मागच्या वर्षी तुमची सायकल फ्रान्सला जाऊन आली. तिचं चाक तिथल्या मातीला लागलं का हो?”

सासऱ्यांना खोकला आला. तो खोकला नव्हता.

“सायकल सोबत असावी माणसाच्या,” बेप्पे म्हणाल्या. “तिथे शेजारच्या तंबूतली बाई दरवर्षी बघते. तिला काय सांगू?”

“गुडघा दुखतो म्हणा.”

“माझा गुडघा ठणठणीत आहे.”

“मग सून आगाऊ आहे म्हणा.”

“ते मी दरवर्षीच सांगते.” त्या स्वतः पुढे झाल्या आणि आपल्या सायकलीचा पट्टा सोडू लागल्या. “डाउवे, बघत काय बसलास? खालून धर. आणि हिस्के, तुझ्या एका तासाचा दीड तास झाला तरी चालेल. मी दोन पोरं वाढवलीत, मला सांगू नकोस.”

मी लगेच माझी सायकल उचलून त्यांच्या जागी चढवली. चाकाला पट्टा आवळला, सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधली. इतकी खूश होते की चक्क गुणगुणत होते.

फेन्ना पायरीवर बसून पाव खात होती. ओठांभोवती चॉकलेटच्या मिशा. केव्हापासून बसली होती, कोण जाणे.

“आई,” ती म्हणाली, “आम्ही बरोबर नसलो की तुला जास्त मजा येते?”